दुसरा उद्गार हौसेरावांचा

कोपरखैरण्याच्या मराठी मंडळीत गुड फ्रायडेच्या दुपारी ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला दुसरा उद्गार हौसेराव साळव्यांचा, हे पाळक बदलले तरी बदललेलं नव्हतं. दुसरा म्हणजे शेजारच्या क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला ख्रिस्ताने दिलेलं उत्तर: तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. हौसेराव तुर्भ्याच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले; बोलणं नेटकं. चोर गयावया करतो त्या जागी दरवर्षी त्यांचा गळा दाटून येई, आणि त्याच्या वाक्यभर आधी त्यांची बायको निशिगंधा पर्समधून रुमाल काढून ठेवी.

यंदा आठवडाभर आधी ते कूलर काढायला माळ्यावर चढले आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पितळी नोझल त्यांच्या हाताला लागलं.

नोझल सोसायटीतल्या आग विझवायच्या पाइपाचं होतं. दिवाळीत सेक्रेटरी या नात्याने त्यांनीच ते चिंच लावून घासायला घरी आणलं होतं आणि मग नीट ठेवून दिलं होतं. नीट ठेवलेली वस्तू ते हमखास विसरत. नाताळानंतर तपासणी आली तेव्हा पाइपाला तोंड नव्हतं. हौसेरावांनी भर गेटवर वॉचमन ज्योतिबाला चोर म्हटलं, आणि एजन्सीने त्याला त्याच संध्याकाळी काढलं.

हौसेराव माळ्यावरून उतरले ते दुःखी होऊनच. जेवण सोडलं. दार लावून, गुडघे टेकून रडले. असं दोन-तीन दिवस चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यंदाचं भाषण फार चांगलं होणार. हे त्यांनी बायकोला सांगितलंही.

"तुम्ही रडताय हे ज्योतिबाला कळलं का?" निशिगंधाने मेथी निवडता निवडता विचारलं.

"देवाला कळलंय."

"देवाची नोकरी गेली नव्हती."

हौसेराव उठून पाळकांकडे गेले. सगळं सांगितलं, ज्योतिबा आता घणसोलीला असतो हेही, आणि दुसरा उद्गार बदलून मागितला. पाचवा चालेल म्हणाले, तहानेचा. त्यात चोर येत नाही.

"पाचवा दिलाय," पाळक म्हणाले. "आणि साळवेसाहेब, हे दुःख देवानेच दिलंय, ते वाया घालवू नका. त्या चोराचे हात खिळलेले होते, म्हणून त्याचं नुसत्या बोलण्यावर भागलं. तुमचे मोकळे आहेत. घणसोलीला रिक्षा जाते."

ज्योतिबा घणसोली गावापलीकडे एका अर्धवट इमारतीच्या गेटवर बसत होता. हौसेरावांनी पिशवीतून नोझल काढलं. ज्योतिबाने ते फिरवून पाहिलं.

"चकाचक केलंय की."

"माझ्याच घरी होतं. मला माफ कर, ज्योतिबा."

"बसा. चा सांगतो."

"चहा नको. माफ केलंस का?"

"सायेब, मला तुमी तितं गेटवर चोर म्हनला. समदी हुती. हितं मला कोन चोर म्हनत न्हाई. हितं माफी मागून काय करू?"

हौसेरावांनी नोझल परत पिशवीत ठेवलं. मग विचारलं, "रविवारी येशील?"

"रविवारी मानसं उशिरा उठत्यात. शुक्रवारी येतो. सकाळी गाड्या पुसायला, दूध घ्यायला समदी खालीच असत्यात."

शुक्रवारी सकाळी ज्योतिबा इस्त्रीचा शर्ट घालून आला. हौसेराव गेटपाशी उभे राहिले आणि लोक थांबेपर्यंत नोझल हातात धरून राहिले. ज्योतिबाने चोरी केली नव्हती, ते आपल्या माळ्यावर होतं, आपण खोटा आळ घेतला, इतकंच बोलले. पहिल्या मजल्यावरच्या शिवतेजने विचारलं, "मग काका, नवीन आणलं ते परत करता येईल?" कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरीचं आता काय?" राजीनामा दिलाय, असं हौसेरावांनी सांगितलं. त्यावर मात्र सगळे गंभीर झाले, कारण दुसरं कोणी ते काम घेणार नव्हतं.

"परत ये इथे," हौसेराव ज्योतिबाला म्हणाले. "एजन्सीशी मी बोलतो."

"नगं. तितं बरं हाय." त्याने नोझल त्यांच्या हातातून घेतलं, जिन्याखालच्या पेटीत जागच्या जागी ठेवलं आणि पेटीचं दार लावून, पूर्वी रोज करायचा तसं, एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाला, "जाऊ मी? सांगितलंत, बरं झालं."

तेव्हा हौसेरावांना रडू आलं. भाषणातली जागा नव्हती आणि रुमाल वर घरात होता. त्यांनी बाहीने डोळे पुसले. ज्योतिबा ते आटोपेपर्यंत शेजारी उभा राहिला, मग रस्त्याच्या कडेने निघून गेला.

दुपारी चर्चमध्ये चोराची जागा आली. निशिगंधाने सवयीने रुमाल काढला. हौसेराव ती जागा ओलांडून सरळ पुढे गेले, चोराला जे उत्तर मिळालं ते वाचलं आणि खाली येऊन बसले.

"यंदा लवकर संपवलंत," उपासना झाल्यावर पाळक म्हणाले.

"हो," हौसेराव म्हणाले. "माझा भाग सकाळीच बोलून झाला होता."