धाकटीचे तीस फोटो

धाकटी जाऊ आणि मी एकाच स्टुडिओचे फोटो घरून सुधारतो. दोघींतली एकच नोकरीत कायम होणार होती. फोटो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असतात. घरून स्क्रीनवर ब्रश फिरवला की तिकडच्या फोटोवर दोन सेकंदांनी उमटतो. माझे दिवसाला बारा फोटो, तिचे तीस. तिला चांगलं मशीन दिलं असणार, म्हणून मी जळत होते.

शेवटी तिच्या शेजारी जाऊन बसले. ब्रश तिचाही रखडत होता. पण ती चेहऱ्यापुरता तुकडा घरच्या मशीनवर उतरवून, न रखडता सुधारायची आणि परत जागेवर बसवायची.

"बोलली नाहीस कधी."

"जाऊबाई, विचारलंत कुठे? तुम्ही मशीनलाच बोल लावत होतात."

दुसऱ्या दिवशी माझे अठ्ठावीस झाले. देवाला हात जोडले, आणि उरलेल्या दोनांसाठी पुन्हा जळत बसले.