घोंगडीवाल्या भावजींची चंपाषष्ठी

एकदा मी खंडोबाची चंपाषष्ठी माझ्या अधिकारात अकरा दिवस पुढं ढकलली होती. अधिकार कसला, तर मी बी.ए. होते आणि शहापुरातल्या आमच्या आळीत टेलिफोन फक्त आमच्याकडं होता. नव्वदच्या दशकात एवढ्या भांडवलावर बाई कुठल्याही विषयावर बोलू शके, आणि मी बोलत असे. या ढकलाढकलीत ज्यांचं नुकसान झालं ते आमच्या मागल्या दारचे घोंगडीवाले भावजी. आता नातवंडं मला 'आजी, तुला सगळं कसं गं माहीत?' असं विचारतात, तेव्हा हे भावजी डोळ्यांपुढं उभे राहतात आणि मी पटकन विषय बदलते.

उभ्या ठाणे जिल्ह्यात थंडीची वाट बघणारा असा माणूस दुसरा झाला नाही. दिवाळीचे कंदील उतरले की लोक गोधड्या उन्हात टाकत आणि भावजी आभाळाकडं बघत. घोंगड्या, चादरी, ब्लँकेटं असा त्यांचा फिरतीचा धंदा. कार्तिक ते माघ हा माणूस एखादा सण सोडला तर घरात नसेच. कसाऱ्याचा घाट चढून घोटी, तिकडून उतरून मुरबाड, तिथून वैशाखऱ्यावरून माळशेज चढून ओतूर, की परत खाली. वाटेत ज्या गावात लोक जास्त कुडकुडताना दिसतील तिथं मुक्काम. एवढा माल खांद्यावर वागवणारे भावजी स्वतः मात्र अर्ध्या बाहीच्या पातळ सदऱ्यात असत. आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एकदा त्यांना मुरबाडच्या एसटी स्टँडवर पहाटे वीस घोंगड्यांचं गाठोडं मिठी मारून थरथरताना पाहिलं. "अहो, त्यातली एक अंगावर घ्या की," मास्तर म्हणाले. भावजींनी दातावर दात आपटत उत्तर दिलं, "अंगावर घेतली की ती इकायची नाय ऱ्हात, मास्तर. वापरायची व्हते." मास्तरांनी स्वतःचा मफलर काढून दिला. भावजींनी तो बोटांनी चाचपला, उजेडात धरला, 'लोकर बरी नाय' म्हणाले आणि परत केला.

गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी हे त्याच्या घरची चौकशी करत. कोण झोपणार, किती जण, भिंत कुडाची की विटांची, दार उत्तरेला आहे का. म्हाताऱ्या माणसासाठी कुणी पातळ चादर मागितली तर देत नसत. "तुज्यासाठी ने पायजे तर, आयसाठी नाय मिळायची," असं तोंडावर सांगत. नवं लग्न झालेलं जोडपं दोन घोंगड्या घ्यायला आलं की त्यातली एक काढून घेत. "यंदा एकच न्या. दुसरी फुडल्या वरसाला लागलीच तर बगू." हे ते अजिबात न हसता म्हणत, त्यामुळे पोरी लाजायच्या आणि पोरं पटकन खिशात हात घालायची.

त्यांची भक्ती हा निराळा कारभार होता. फिरतीवर जाताना ते पत्र्याच्या लहान डबीत खंडोबाचा भंडारा घेत. जिथं उजाडेल तिथं गार पाण्यानं अंघोळ, कपाळाला हळद, देवाला अर्ज, मग चहा. बोटांची हळद मालाला लागायचीच. त्यांच्याकडच्या प्रत्येक ब्लँकेटाच्या कोपऱ्यावर तीन पिवळी बोटं असत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "डाग नाय त्यो. शिक्का हाय." अर्ज मात्र मोठा अवघड असे. धंद्यासाठी कडाक्याची थंडी हवी. आणि घरी बायको, सगुणा, दम्याची. थंडी वाढली की तिची छाती भात्यासारखी वाजायची. तेव्हा हे देवाला भूगोल समजावून सांगत. "घोटीला पाड, ओतूरला पाड, जुन्नरला तर चांगली पाड. शापूरला नको. आसनगावपासून वळसा घाल." हा अर्ज मी स्वतः मागल्या दारातून ऐकलेला आहे. सगुणाची प्रकृती थंडीभर धड राहावी म्हणून त्यांनी नवस बोलला होता, की चंपाषष्ठीची तळी दर वर्षी आपल्या हातानं, आपल्या घरात भरीन. नारळ-भंडाऱ्याचं ताट चारचौघांनी मिळून उचलायचं आणि 'येळकोट येळकोट' म्हणायचं, एवढंच. पण त्यासाठी हा माणूस जिथं असेल तिथून धावत येई. आणि चातुर्मासात सोडलेलं वांगं तळी भरेपर्यंत त्यांच्या घरात शिजत नसे.

संसाराकडंही त्यांचं लक्ष होतं, फक्त ते दोन-तीन महिने मागं असायचं. दिवाळीत लेकीची उंची दाराच्या चौकटीवर खडूनं मारून जात आणि संक्रांतीला त्या मापाचा फ्रॉक घेऊन येत. तोवर पोर खडूच्या वर गेलेली असायची. सगुणा तो फ्रॉक मुकाट्यानं भाचीला पाठवून द्यायची.

फिरतीवरून ते दर तीन-चार दिवसांनी आमच्याकडं फोन करत. प्रश्न तीनच आणि क्रम ठरलेला. "वयनी, आमची बरी हाय का? खोबरेल गोठलं का? तिथ कोनची आज?" पहिला प्रश्न संसाराचा, दुसरा धंद्याचा, तिसरा देवाचा. बाटलीतलं खोबरेल तेल गोठलं की आमच्याकडं थंडी पडली असं समजत. मी बाटली हलवून सांगायची, कॅलेंडर बघून सांगायची, आणि फोन ठेवल्यावर 'किती हा भोळेपणा' असं मास्तरांना ऐकवायची.

त्या वर्षीची थंडी मात्र वळसा घालायला तयार नव्हती. खोबरेल मार्गशीर्ष लागायच्या आधीच दगड झालं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी लक्ष्मीची पूजा मांडली. यंदाच्या कॅलेंडरावर कसलंसं धरण होतं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरावर मात्र लक्ष्मी होती, आणि सासूबाईंनी ती टाकू दिलेली नव्हती. एकाच खिळ्याला धरणामागं ती लटकत होती. पूजेसाठी मी लक्ष्मी पुढं घेतली, धरण मागं केलं. ते तसंच राहिलं. शुक्रवारी सकाळी भावजींचा फोन. "वयनी, चंपाषष्ठ कदी?" मी लक्ष्मीच्या पायाखालचा डिसेंबर वाचला आणि सांगितलं, "अजून चांगले पंधरा दिवस आहेत. निवांत धंदा करा."

होते चार.

तीन दिवसांनी संध्याकाळी ओतूरहून पुन्हा फोन आला. आवाज जरा चाचरत होता. "वयनी, राग नका मानू, पन चांद लय फुगलाय. उद्या-परवाच षष्ठ असावी असं वाटतंय." इथं मी गप्प बसले असते तरी पुष्कळ झालं असतं. पण मी बी.ए. होते. मी म्हणाले, "भावजी, तुम्ही घाटावर आहात. उंचावरून चंद्र मोठा दिसतो." मग, "आस्सं व्हय," असं अतिशय आदरानं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढल्या आळीतून येळकोटाचा गजर ऐकू आला, तेव्हा माझ्या मनात आलं की लोक किती घाई करतात. तेवढ्यात सगुणा मागल्या दाराला धरून उभी. धाप लागलेली. "वयनी, आज चंपाषष्ठ. ह्ये आले नाय. फोन बी नाय का?" मी तिला हाताला धरून कॅलेंडराशी नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. सगुणाला अक्षर येत नव्हतं. ती बिचारी मान हलवत राहिली. अक्षर सासूबाईंनाही येत नव्हतं, पण त्या पाटावरूनच म्हणाल्या, "अगो, ती मागल्या सालची लक्ष्मी हाय. यंदाचा तो बांध."

सगुणा तिथंच उंबऱ्यावर टेकली आणि खोकत राहिली. मी आळीतल्या चार पुरुषांना बोलावते, तळी भरून घेऊ, असं म्हटलं तर तिनं नुसता हात हलवला. "त्यांचा नवस हाय. त्यांच्या हातानंच." त्या रात्रीपासून तिची छाती जास्तच वाजू लागली. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. ते थंडीचं कारण सांगत होते, आळीतल्या बायका नवसाचं. मी कुठलंच सांगत नव्हते. तिच्या घरात वांगं शिजेना, म्हणून मग मीही माझ्या घरात शिजवलं नाही.

भावजींना कळवायचं कसं? फोन ते करत, आपण त्यांना करायचा तर कुठं? सगुणा म्हणाली, ओतूरचा बाजार करून ते घाट उतरले की वैशाखऱ्याला चहाच्या टपरीमागं गाठोडी सोडून दोन दिवस बसतात. मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चूक तुझी, एसटी तुझी."

चंपाषष्ठीनंतर चौथ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मुरबाड आणि तिथून माळशेजची गाडी धरून वैशाखरे गाठलं. भावजी टपरीमागं होते. भोवती दहा-बारा माणसं नव्या घोंगड्या पांघरून हसतमुख उभी, आणि मधोमध हे पातळ सदऱ्यात, काटा आलेल्या हातांनी घड्या उलगडून दाखवताहेत. मला बघून उठले. मी वाटभर पाठ केलेलं भाषण विसरले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: लक्ष्मी, धरण, खिळा.

त्यांनी हातातली घोंगडी घडी करून खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे चांद बराबर व्हता."

"होय."

"मी उगाच त्याच्यावर सौंशय घेतला." आणि मग, "आमची बरी हाय का?"

मी मान खाली घातली.

"खोबरेल?"

"दगड झालंय."

ही बातमी ऐकून त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. गाठोडी बांधायला त्यांना दोन मिनिटं लागली. एक गिऱ्हाईक घोंगडी धरून 'अहो, पैसे तरी घ्या' म्हणत मागं आलं, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फुडल्या खेपेला." परतीच्या गाडीत खिडकीची काच नव्हती. मी काकडले. भावजींनी एक करकरीत ब्लँकेट सोडलं आणि माझ्या अंगावर टाकलं. स्वतः हात काखेत घालून बसले. मुरबाड येईपर्यंत ओठ हलत होते. देवाला अर्ज चालला होता. या वेळी त्यात गावांची नावं नव्हती.

दिवेलागणीला तळी भरली. चार दिवस उशिरा. आळीतले पुरुष जमले, ताट उचललं, येळकोट झाला. मग भावजी देव्हाऱ्यापुढं हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "देवा, यंदाची चूक आमच्या घरातली नाय. मास्तरांच्या घरातली हाय. पन मानसं वायट नायत. सांबाळून घे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. देवानंही बघितलं असावं. एवढ्यावर भागलं नाही. फिरतीपायी देवाचा दिवस हुकला, तेव्हा पौष सरेपर्यंत उंबरा ओलांडून धंद्याला जायचं नाही, असं प्रायश्चित्त त्यांनी तिथल्या तिथं घेतलं. पौष पुनवेला मुरबाडजवळ म्हसा गावची जत्रा. घोंगडीवाल्याची वर्षाची भाकरी त्या जत्रेत. ती गेली. बाहेर आळी गारठून गेलेली, लोक शेणी-गोवऱ्यासुद्धा जाळून संपवताहेत, आणि यांचा माल घरात थप्पीला.

घरात बसण्याची त्यांना सवय नव्हती. सगुणाचं पांघरूण ती उठायच्या आत घडी करून थप्पीवर ठेवून देत आणि तिला परत मागून घ्यावं लागे. आल्याचा काढा करताना सगळ्या आळीला ठसका लावत. लेकीला रोज चौकटीशी उभी करून मापत. ती कंटाळून शाळेत लवकर जाऊ लागली. आणि दर तीन-चार दिवसांनी, फोनच्या ठरल्या वेळेला, सवयीनं माझ्या मागल्या दाराशी येऊन विचारत, "वयनी, आमची बरी हाय का?" त्यांच्या मागं, स्वतःच्या अंगणात, सगुणा उन्हाला बसलेली दिसायची. मी आधी यंदाचं कॅलेंडर बघावं तसं तिच्याकडं नीट बघून घ्यायची आणि मग सांगायची, "बरी आहे."

खरंच बरी झाली. सुईनं की तळीनं, मला विचारू नका. मी त्या वर्षापासून मतं देणं कमी केलं आहे. पुढल्या वर्षी भावजी पुन्हा फिरतीवर गेले, पोट कुणाला चुकलंय. सगुणा त्यानंतर सात-आठ थंड्या काढून गेली, तीही भर वैशाखात, त्यामुळे देवाला कुणी बोल लावला नाही. भावजी आता आसनगावला लेकीकडं असतात.

त्या पौषात, जत्रेच्या दिवशी, मी सगुणाची माफी मागायला गेले होते. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. आत भावजी भांडी आपटत काहीतरी शिजवत होते. मी म्हटलं, "माझ्यामुळं देवाचा दिवस चुकला, जत्राही बुडली. मला माफ कर गं बाई." तिनं आतल्या आवाजाकडं कान दिला, मग शेंग सोलता सोलता मला म्हणाली,

"काय त्याचं घेऊन बसलाव वयनी. लग्नाला सोळा वरसं झाली माज्या. थंडीत घो घरात असला म्हंजे कसं वाटतं, त्ये मला यंदा कळतंय. बसा घटकाभर, च्या करायला सांगते त्यांना."