दयाबाईंच्या बोटांची परीक्षा

दयाबाईंना महारोग झाला आहे, हा शोध भिंगारात पहिल्यांदा मी लावला.

साल त्रेचाळीस. आमच्या बोर्डिंगच्या शाळेत मी चौथीला शिकवत होतो. लढाईमुळे गावोगाव प्रथमोपचाराचे वर्ग निघाले होते, त्यातला सहा आठवड्यांचा एक वर्ग मी पहिल्या नंबरानं पास झालो होतो. एवढं शिक्षण फार घातक. सगळे रोग ओळखता येतात असं वाटायला लागतं, आणि ओळखायला रोगी काही मिळत नाही. मला दयाबाई मिळाल्या.

दयाबाई बोर्डिंगच्या स्वयंपाकीण. मूळच्या शेवगावकडच्या. नवरा अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पीठ मळायची काठवट आणि तवा डोक्यावर घेऊन भिंगारात आल्या, आणि तेव्हापासून दोन वेळा चाळीस मुलांच्या भाकऱ्या थापत होत्या. उलथनं त्यांनी कधी वापरलं नाही. तापल्या तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटायची, आणि चुलीबाहेर पडलेला निखारा चिमटीत धरून परत आत टाकायचा. पोरं नवीन आली की त्यांना हा खेळ दाखवण्यात येई.

मार्चात मुलांच्या कपड्यांची धोब्याकडे अदलाबदल व्हायला लागली. धोब्यांच्या अंगावर पलटणीच्या कपड्यांचे ढीग, आमच्या सदऱ्यांकडे बघतो कोण! खुणेची शाई बाजारात मिळेना, म्हणून मी दयाबाईंना बिब्ब्यानं खुणा घालायला सांगितलं. दोन दिवस त्या बिब्बे गरम करून टोचत, धुरात बसून दीडशे कपडे उरकत होत्या. आठवड्यानं त्यांचं मनगट पुरळानं भरलं, चेहरा तुकतुकीत झाला आणि कानाच्या पाळ्या जाड झाल्या.

"बिब्बा उतलाय, मास्तर," त्या मनगट खाजवत म्हणाल्या. "खोबरं लावलं की बसंल."

पण माझ्या वहीत महारोगाच्या पानावर लिहिलं होतं: जाड पाळ्या, तुकतुकीत चेहरा, बधिरता. वहीपुढे बाईचं कोण ऐकतो? मी त्यांना तोंड फिरवायला सांगितलं आणि बोटाच्या टोकाला टाचणी टोचली. एकदा, दोनदा, तीनदा.

"टोचताय कवा?" त्यांनी विचारलं.

मला जो आनंद झाला तो सांगायची आज लाज वाटते. तो आनंद पोटात राहीना. जेवणाची पंगत बसली होती, तिथंच सगळ्यांच्या देखत मी आमचे अधीक्षक दानीएल साहेब यांना निदान ऐकवलं. चाळीस मुलांनी घास ताटात परत ठेवले.

दानीएल साहेब भला माणूस, पण घाबरट. त्यांनी दयाबाईंना जळणाच्या खोलीत ठेवलं आणि काठवट अंगणात उपडी घातली. डॉक्टर आले. दाराबाहेर उभं राहून, नाकाला रुमाल लावून त्यांनी रोग्याकडे पाहिलं, टाचणीची हकीकत माझ्याकडून ऐकली आणि तसंच दिसतंय म्हणाले. शुक्रवारी येऊन चिठ्ठी लिहून देणार, मग गाडी सांगून दयाबाईंची रवानगी महारोग्यांच्या वसतीत. तिथं गेलेला माणूस भिंगारात परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुटी लागली आणि मुलं ही बातमी घेऊन आपापल्या गावी गेली.

दयाबाई रडल्या नाहीत. मी पाण्याची कळशी दारात ठेवायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की डॉक्टर टाचणी आणणार का. मी हो म्हणालो.

"चार-पाच आना म्हनावं."

शुक्रवारी जळणाच्या खोलीपुढं आणखी दोन बाया येऊन बसल्या होत्या. एक हाजराबी, बाजारात भट्टीवर रोट्या लावणारी. दुसरी छबूबाई, खुद्द दानीएल साहेबांच्या घरची स्वयंपाकीण. निरोप कुणी पोचवला ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टर वैतागले. दयाबाई दारातूनच म्हणाल्या, की आधी या दोघींना टोचा, मग माझं काय ते लिहा.

डॉक्टरांनी हाजराबीच्या बोटाला टाचणी लावली. ती छबूबाईला पिठाचा भाव सांगत होती, तो तिनं पुरा सांगितला. छबूबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "दाबा की जरा, लाजताय कशाला?"

दानीएल साहेबांचा चेहरा उतरला.

"लिहा तिघींची चिठ्ठी," दयाबाई म्हणाल्या. "एका गाडीत बसतोय आमी. अन साहेब, तुमीबी चला. छबूच्या हातचं बारा वर्सं खाताय तुमी."

डॉक्टरांनी रुमाल खिशात घातला. पहिल्यांदाच ते दयाबाईंजवळ जाऊन खाली बसले, खाज कुठं सुटते ते विचारलं, आणि मनगटावरच्या पुरळातच टाचणी टोचली. दयाबाईंनी हात हिसकला आणि एक शेवगावी शब्द काढला. तो इथं लिहिता येत नाही, पण डॉक्टरांना तो फार आवडला.

महारोगाच्या चट्ट्यावर टोचलेलं कळत नाही, ते म्हणाले. आणि खाजही सहसा सुटत नाही. बघायचं असतं चट्ट्यावर. पंचवीस वर्षं तव्यावर भाजून निघालेल्या बोटाच्या टोकावर नव्हे. "हा बिब्बाच. आणि दारातून बघितलं ही माझी चूक." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, वर्गात नंबर कितवा होता. मी सांगितला. ते बराच वेळ हसत होते.

संध्याकाळी दयाबाईंनी काठवट स्वतः उचलली. डावीकडे हाजराबी, उजवीकडे छबूबाई, अशी ती मिरवणूक मागच्या वाटेनं नव्हे, पुढच्या अंगणातून स्वयंपाकघरात गेली. सुजल्या पाळ्यांनिशी दयाबाई भाकरी थापायला बसल्या. त्यांचा तो रुबाब बघून शेजारपाजारच्या बाया भिंतीवर चढल्या होत्या. पहिली भाकरी दानीएल साहेबांनी सगळ्यांसमोर खाल्ली, दुसरी डॉक्टरांनी, लसणाच्या चटणीबरोबर. तिसरी माझ्या ताटात पडली. पडली म्हणजे वरून टाकली.

"चाळीस घरी बोलनं गेलंय, ते तुमच्या तोंडातनं गेलंय," त्या म्हणाल्या. "कागुद धाडू नगा. तोंडानंच माघारी आना."

सगळी सुटी मी उसन्या सायकलीवर काढली. घरोघर जायचं, दयाबाई ठणठणीत आहेत आणि गाढव मी आहे, असं सांगायचं. पहिलं वाक्य लोक हळूहळू मानत, दुसरं लगेच. जूनमध्ये शाळा उघडली. एकोणचाळीस मुलं परत आली आणि पहिल्याच पंगतीला भाकऱ्या कमी पडल्या.

सहादेव तेवढा आला नाही. त्याचं घर मिरजगावला. लांब पडतं, वाटेत सायकल पंक्चर होते, शिवाय त्याची आई केशरबाई तोंडाची फटकळ आहे असं ऐकतो. येत्या रविवारी जातो, असं मी दयाबाईंना सांगितलं आहे. तेव्हापासून बरेच रविवार झाले.