सत्तरवाली फरशी

आमच्या बाथरूमची फरशी जाळीकडे उतरती आहे. त्यामुळे वजनकाटा दाराशी ठेवला तर बहात्तर दाखवतो, बेसिनपाशी सरकवला तर सत्तर. रोज सकाळी मी तो पायाने ढकलत सत्तरवाली फरशी शोधते. भात सोडला, साखर सोडली, तरी या मेल्याचं एक मत होत नाही! खरं वजन हवंय कुणाला म्हणा. मला सोयीचं हवंय.

आज वैतागून माहेरी गेले. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किती वाळलीस गं!" लग्नापासून दर भेटीत ती हेच म्हणते, मी चांगली फुगलेली असतानासुद्धा. तरी मी सुखावले. तिने भातावर तुपाची धार धरली, आणि मी मुकाट्याने दोनदा भात घेतला.

आता उद्या सकाळी काटा कुठल्या फरशीवर ठेवू?