तक्रारीतलं नाव

"मोबाइल टेबलावर ठेवा. काम संपेपर्यंत कोणालाही फोन नाही," इन्स्पेक्टर कदम म्हणाले.

मी विरारच्या एका सरकारी बँकेत ऑफिसर आहे. आदल्या दिवशी मॅनेजरांनी सांगितलं होतं, "केंद्रीय तपास यंत्रणेला दोन माणसं हवीत. तू आणि देसाई जा. काम काय, ते मलाही सांगितलेलं नाही." मला वाटलं, कुठल्यातरी लोनच्या फायली बघायच्या असतील.

काम निघालं ट्रॅपचं. लाच घेणाऱ्याला पकडताना पोलीस खात्याबाहेरचे दोन साक्षीदार लागतात. त्यांना पंच म्हणतात. ते आम्ही.

वसईतल्या एका विश्रामगृहाची खोली होती. तक्रारदार पाटील कोपऱ्यात बसून घाम पुसत होते. त्यांचा चांदीप गावात छोटा कारखाना. केंद्राच्या एका खात्यातला अधिकारी परवान्यासाठी पैसे मागत होता. चार वाजता द्यायचे ठरले होते.

"आज हा निसटला, तर माझा परवाना जन्मात निघणार नाही, साहेब," ते परत परत म्हणत होते.

कदमांनी नोटांना एक पांढरी पूड लावायला सांगितली. फिनॉल्फ्थॅलिन. हाताला लागली तरी दिसत नाही. मग देसाईंनी एका नोटेला हात लावला आणि बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली. पाणी गुलाबी झालं.

"आमची संस्थाच लाचेतून जन्मली," कदम म्हणाले. "महायुद्धात लष्कराच्या खरेदीत लोक इतकं खायला लागले, की ब्रिटिशांना त्यासाठी वेगळे पोलीस नेमावे लागले. बाकीचे गुन्हे आमच्याकडे मागाहून आले."

"म्हणजे खाणाऱ्यांचे उपकारच की!" देसाई म्हणाले. कदमसुद्धा हसले.

मग तक्रार वाचून सही करायला माझ्याकडे आली. दुसऱ्याच ओळीत लाच मागणाऱ्याचं नाव होतं. एडविन अंकल.

ते सांडोरला आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. चर्चमध्ये वाचन करतात. माझ्या ॲडमिशनची सगळी सर्टिफिकेट्स त्यांनीच अटेस्ट केली होती. वरून आईने दिलेली केळीसुद्धा परत पाठवली होती.

मी चारचौघांत सहसा बोलत नाही. पेन हातात होतं. सही करून गप्प बसता आलं असतं.

"सर, मी यांना ओळखते. शेजारी आहेत."

पाटील उठून उभे राहिले. "संपलं! आता ही फोन करणार त्यांना."

"बसा," कदम म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बरं झालं आत्ता बोललात. कोर्टात निघालं असतं, तर केस गेली असती."

"मग मी जाऊ?"

"जाऊ? आता तर अजिबात नाही."

मला खरंच वाटलं होतं, सांगितलं की घरी सोडतील. त्यांनी बँकेतून दुसरा पंच मागवला. सगळे निघाले. माझ्यासोबत एक महिला कॉन्स्टेबल राहिली, वॉशरूमच्या दारापर्यंतसुद्धा. माझा मोबाइल समोर होता. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. तीन तास मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, अंकलनी पैसे घेऊ नयेत. आणि मग पाटलांच्या परवान्याचं काय, तेही आठवत होतं.

सातच्या सुमाराला दार उघडलं. देसाई सील केलेल्या बाटल्या घेऊन आत आले. पाणी गुलाबी होतं. त्यांच्यामागे एडविन अंकल होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटं ओली.

मला बघून ते थांबले.

"बाय, तुलापण पकडलं काय गं?"

त्यांच्या आवाजात माझी काळजी होती. मला "नाही, अंकल" एवढंच म्हणता आलं.

केस कोर्टात उभी राहिली आहे. पाटलांना परवाना मिळाला. पंचनाम्यात माझ्याबद्दल एकच ओळ आहे: परिचय असल्याने साक्षीदार बदलला. अंकलच्या घरचे मात्र मीच खबर दिली असं धरून चालतात. चर्चमध्ये आमच्या बाकावर बसत नाहीत.

हल्ली बँकेत पंच मागणारं पत्र आलं, की जाणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगते. डबा न्या. आणि ओळखीचं नाव दिसलं तर सहीच्या आधी बोला, पण बोललात म्हणून कोणी लवकर सोडेल असं समजू नका.