आमच्या नगरपालिकेतले आयत्या वेळचे विषय

नगरपालिकेत नोकरी केलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत गुपचूप जेवता येत नाही. शेजारचं कोणीतरी भात कालवता कालवता म्हणतंच, "सांगा की बाई, एखादं तुमच्या पालिकेतलं!" आणि मलाही मोह आवरत नाही. जिलबी गार होते, पण किस्सा सांगून होतो.

मी मूळची वाईची. लग्न होऊन आले ती सातारा आणि सांगलीच्या मधल्या एका लहानशा शहरात. शहर आपलं कागदावर, बाकी सगळं गावच! त्याचं नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील आणि भांडायला येतील. नव्वदच्या दशकात तिथल्या नगरपालिकेत मी सभा लिपिक होते. म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि नंतर टाईप करायचं. माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी. मूल जन्मलं, नळ गेला, गटार तुंबलं, कुत्रं चावलं, म्हातारं माणूस गेलं, काहीही झालं तरी माणूस माझ्या टेबलावरूनच वर जाणार. त्यामुळे एक किस्सा घरी सांगेपर्यंत दुसरा घडलेला असायचा!

* * *

आमच्याकडे एका चौकाला नाव द्यायचं ठरलं. बोर्ड आधीच तयार करून आणला. निळी पाटी, पांढरी किनार, दोन लोखंडी खांब. नाव काय ते सभेत ठरलं की रंगारी लिहिणार.

पण नाव ठरेना! वरच्या आळीला एक नाव हवं, खालच्या आळीला दुसरं. सभेमागून सभा गेल्या. कंटाळून बांधकाम खात्यानं तो कोरा बोर्ड तसाच रोवून टाकला. म्हणाले, "नाव सवडीनं लिहू."

लोक कुठे थांबतात! पत्ता सांगताना सुरू झालं, "कोऱ्या बोर्डाला उतरा." एसटीचा कंडक्टर ओरडायला लागला, "कोरा बोर्ड कोण हाय का, कोरा बोर्ड?" लग्नपत्रिकेवर छापून आलं, 'कोरा बोर्ड चौक, पिठाच्या गिरणीसमोर'.

शेवटी दोन्ही आळ्यांचं एका तिसऱ्याच नावावर जमलं. रंगाऱ्यानं छान वळणदार अक्षरात ते लिहिलं, हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी गिरणीवाला माझ्या टेबलापाशी हजर.

"बाई, आमच्या बोर्डावर कुणीतरी कायतरी लिवून ठेवलंय!"

* * *

पाणी बंद असलं की रिक्षातून पुकारा व्हायचा. ते काम घोरपड्यांकडे. ते आमच्या आरोग्य खात्यातले, पण जत्रेतल्या नाटकांत राजाचं काम करायचे. आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं!

"नागरिकहोऽ! उद्या सकाळी आपल्या नळांना पाणी येणार नाहीऽ! तरी आजच आपापले हंडे, कळश्या, पिंपंऽ..." पिंपावर तर ते अशी काही तान घ्यायचे की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या.

आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी बोंबाबोंब! पाणी का नाही म्हणून मोर्चा. आमचे मुख्याधिकारी साहेब नव्यानंच आलेले. त्यांनी मोर्चातल्या एका बाईंना विचारलं, "काल पुकारा ऐकला नाहीत का?"

"ऐकला की! लय झ्याक आवाज!"

"अहो, मग त्यात काय सांगितलं?"

बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीकडे. सांगितलेलं कोणाच्याच लक्षात नव्हतं.

साहेबांनी माणूस बदलला. नव्या कारकुनानं बातम्या वाचल्यासारखा सपाट पुकारा केला. बायकांनी न चुकता पाणी भरून ठेवलं. मोर्चा नाही, तक्रार नाही. साहेब खूश!

आठवडाभरानं मात्र त्याच बाई जिन्यापाशी आल्या आणि मला हळूच विचारलं, "आवं बाई, ते घोरपडे हायत का? आता फुडचं पाणी कवा बंद हाय वो?"

* * *

तेव्हा शहराच्या वेशीवर पालिकेचा जकात नाका असायचा. बाहेरून माल आला की आडवा बांबू, आणि बांबूमागे कारकून.

एकदा औंधकडून लग्नाचा टेम्पो आला. मागे कपाट, पलंग, भांडी, रुखवताचा सगळा पसारा, आणि त्या पसाऱ्यावर बसलेली नवरीची आत्या.

कारकुनानं नेहमीचा प्रश्न टाकला, "माल विकायला आणलाय की वापरायला?"

आत्या वरूनच म्हणाली, "सासूनं वापरू दिला तर वापरायला!"

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली नवरी रडता रडता फिस्सकन हसली. कारकुनाला दोन लेकी. त्यानं सरळ बांबू वर केला.

* * *

रोड रोलर म्हणजे पालिकेचा हत्ती. चालेल तेव्हा चालेल, बसला तर बसला! एका दिवाळीनंतर तो बसला तो शकुंतलाकाकूंच्या दारासमोर. काकू पापड-कुरडया करून विकायच्या, एकट्या राहायच्या. तोंड मात्र दहा माणसांचं.

"दारात काळं धूड उभं केलंय! गिऱ्हाईक यायचं कसं?" म्हणून त्या रोज येऊन भांडायच्या. पार्ट पुण्याहून यायचाय, असं आमचं रोजचं उत्तर. खरंही होतं ते.

मग अचानक काकू यायच्या बंद झाल्या. आम्हाला वाटलं, दमल्या.

उन्हाळ्यात एकदाचा पार्ट आला. फिटरनं रोलर सुरू केला. धडधड ऐकून गल्ली गोळा झाली, आणि लगोलग काकू धापा टाकत थेट साहेबांच्या केबिनमध्ये!

"साहेब, थांबवा ती गाडी! टपावर माझं वाळवण हाय!"

साहेब चक्रावले. "काकू, रोलर हलवा म्हणून तुम्हीच तर तक्रार केली होती!"

"व्हय, केलती," काकू म्हणाल्या. "पण तवा थंडी होती!"

* * *

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर जाधव तसे भित्रे नव्हते. पण एका माणसाला भ्यायचे. माळावरच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. मिलिटरीतून आलेले, कडक इस्त्री, मिशीला पीळ. ऑफिस उघडलं की ते जाधवांच्या टेबलासमोर टाच जुळवून उभे.

"जाधवसाब, माळावर पानी नहीं!"

बास. शिवी नाही, आरडाओरडा नाही. सॅल्यूट ठोकून परत. जाधव म्हणायचे, "ह्यापेक्षा मोर्चा परवडला हो. त्याला चहा तरी पाजता येतो."

शेवटी त्यांनी स्वतः उभं राहून माळावरची सगळी लाईन उकरून काढली. एका जागी झाडाची मुळं पाईपात शिरून गच्च झाली होती. ती काढली, पाणी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जाधव शीळ घालत ऑफिसात आले. आणि समोर सुभेदार!

"जाधवसाब, माळावर पानी आया!"

"मग आता कशाला आलात?"

"रिपोर्ट दोन्ही बाजूंनी द्यायचा असतो, साब."

तेव्हापासून रोज तोच रिपोर्ट. पानी आया, सॅल्यूट, परत. आम्ही हसायचो. जाधव वैतागायचे. पण एक दिवस सुभेदार आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जाधव दर थोड्या वेळानं जिन्यात येऊन मला विचारायचे, "सुभेदार दिसले का हो?" दुपारी त्यांना राहवेना. स्कूटर काढली आणि तडक माळावर गेले.

सुभेदारांच्या दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"लेकीकडं गेल्यात, खंडाळ्याला. तुमी जाधवसाहेब न्हवं? जाताना सांगून गेल्यात, साहेब येतील म्हणून. त्यास्नी सांगा म्हणले, पाणी आलंय."

* * *

बायकांना राखीव जागा मिळाल्या आणि आमच्या सभागृहात पहिल्यांदाच हिरव्या-निळ्या साड्या दिसायला लागल्या. विमलताई त्यांतल्या एक. निवडून आल्या त्या, पण पालिकेत यायचे त्यांचे मिस्टर, तात्या! सभेच्या दिवशी ते मागच्या प्रेक्षकांच्या बाकावर बसायचे. मतदानाची वेळ आली की खोकायचे. एक खोकला म्हणजे हात वर. दोन खोकले म्हणजे हात खाली. सगळ्या सभागृहाला ही भाषा पाठ झाली होती.

एका सभेत मोठा विषय होता. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांना उठवून गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बसवायचं. तिथे कोण भाजी घ्यायला जाणार? त्या बायका पाट्या घेऊन आमच्या जिन्यावर बसून होत्या. बऱ्याचशा विमलताईंच्याच वॉर्डातल्या. तात्यांना मात्र मंडईच्या जागी दुकानगाळे हवे होते.

ऐन थंडी. तात्यांना सणसणीत सर्दी. मतदान पुकारलं आणि तात्यांना जी उबळ आली! एक, दोन, तीन, परत एक... विमलताईंचा हात वर, खाली, वर, खाली. सभागृह हसून हसून बेजार. मी पेन हातात धरून बसलेले. लिहू काय?

मग विमलताई उठल्या. पदर सारखा केला.

"अध्यक्षसाहेब, आमच्या ह्यास्नी आज खराच खोकला झालाय. तवा आज माझं मी बघते."

आणि विरोधात हात वर केला, तो खाली घेतलाच नाही. त्यांचं पाहून आणखी दोघींनी केला. ठराव पडला. जिन्यावरच्या बायकांना कळलं तेव्हा एकीनं मुळ्याची जुडी थेट माझ्या टाईपरायटरवर ठेवली.

पुढच्या सभेपासून तात्यांना खोकला आला की ते बाहेर जाऊन खोकायचे.

* * *

आमचे नगराध्यक्ष अण्णा आणि विरोधी बाकावरचे नाना. दोघांचंही वय झालेलं, दोघंही उसाच्या रानातून सायकलवर सभेला येणारे. अण्णांनी ठराव मांडायचा आणि नानांनी विरोध करायचा, हे मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून चाललेलं. विषय कुठलाही असो! एकदा नानांच्याच गल्लीतल्या सार्वजनिक संडासावर पत्रे घालायचा ठराव आला. ठराव वाचून झाल्यावर अण्णांनी नेहमीसारखं चष्म्यावरून बघितलं आणि नुसतं म्हणाले, "नाना?"

"विरोध."

"अहो, तुमच्याच गल्लीतलं काम आहे."

"पत्रे घाला की. पण माझा विरोध लिवा, बाई."

त्यामुळे अण्णांच्या कारकिर्दीत माझ्या हातून 'एकमताने मंजूर' असं कधी टाईपच झालं नाही. कायम 'बहुमताने मंजूर, विरोध एक'. मला फार कुतूहल होतं. एकदा धीर करून नानांना विचारलंही, "नाना, सगळ्यालाच का हो विरोध?" नाना टोपी नीट करत म्हणाले, "बाई, तुमी लिवायचं काम करा."

एका पावसाळ्यात अण्णा आजारी पडले आणि त्यातच गेले.

शोकसभेला सभागृह भरलेलं. उपाध्यक्षांनी शोकप्रस्ताव वाचला. शोकप्रस्तावाला मतदान वगैरे काही नसतं. सगळे दोन मिनिटं उभे राहतात. तसे सगळे उठले. नाना बसून राहिले. टोपी मांडीवर. आम्हाला वाटलं, गुडघे धरले असतील.

तेवढ्यात नाना म्हणाले, "अण्णांच्या नावाचा ठराव हाय न्हवं ह्यो?"

"होय, नाना," उपाध्यक्ष म्हणाले.

"मग माझा विरोध लिवा, बाई."

एकदम गलका! कोणी ओरडलं, "नाना, गेलेल्या माणसाला तरी सोडा!" मुख्याधिकारी साहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सदस्य विरोध नोंदवा म्हणतायत. नोंदवा."

मी लिहिलं. माझं लिहून झालेलं पाहिलं आणि मग नाना उठून उभे राहिले. दोन मिनिटं झाली, सगळे खाली बसले. नाना उभेच होते.

शोकप्रस्तावाची प्रत घरच्यांना पाठवायची पद्धत होती. मी साहेबांना विचारलं, "तेवढी एक ओळ गाळू का? त्यांच्या घरी वाचतील."

"सभेत झालं ते झालं, बाई. गाळता नाही येणार."

शिपायाच्या हाती द्यायला मन होईना. मी स्वतःच गेले. अण्णांच्या बायको, आक्का, बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. ते गेल्यापासून आक्का कोणाशी धड बोललेल्या नाहीत, असं सून मला दारातच सांगत होती. तिनं कागद घेतला, मोठ्यानं वाचायला लागली आणि शेवटच्या ओळीशी थांबली.

"वाच की फुडं," आक्का म्हणाल्या.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली.

"ठराव बहुमताने मंजूर," तिनं वाचलं. "विरोध, एक."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता बांध फुटला. पण आक्का हसत होत्या! खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सून घाबरून आतून पाणी घेऊन आली.

आक्कांनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या आणि मला जवळ बोलावलं.

"बाई, नानांना एक निरोप द्याल?"

"देते की, आक्का."

"विरोध पोचला म्हणावं."