नेवाडाच्या पाणवठ्यावर बाबांची गणना

बाबांना डॅलसजवळ प्लेनोत माझ्याकडे येऊन चार महिने झाले आणि त्यांनी विचारलं, "परतीचं तिकीट अलीकडे आणता येते का?" चंद्रपूरकडच्या जंगलात बत्तीस वर्षं वनरक्षक असलेला हा माणूस आमच्या कॉलनीत रोज सकाळी खारी मोजून यायचा. त्यांना जाण्याआधी एक तरी मोठं रानटी जनावर दाखवायचंच, असं मी ठरवलं.

सुट्टी मिळाली ती नेमकी बुद्धपौर्णिमेला जोडून. लहानपणी या दिवशी आई आणि मी विहारात असायचो आणि बाबा मचाणावर. आमच्याकडे त्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना होते आणि मोजायला येणाऱ्या पाहुण्यांसोबत वनरक्षक बसतो. या गोष्टीचा राग मी बरीच वर्षं जपला होता, खोटं कशाला बोलू?

तर बाबा, माझी दहा वर्षांची मैत्रेयी आणि मी डॅलसहून तीन तासांत लास वेगसला उतरलो. तिथून उत्तरेला तासाभरावर बिगहॉर्न या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांसाठी राखलेलं वाळवंट आहे. प्रवेश फुकट, गाडी आपली आपण चालवायची. उंच, फोर व्हील ड्राइव्हचीच घ्या आणि कच्च्या रस्त्यावर नेलेली चालते का, हे भाड्याच्या काउंटरवर आधी विचारा. आत पेट्रोल नाही, नेटवर्क नाही. नकाशा डाउनलोड करा, स्टेपनी तपासा, माणशी गॅलनभर पाणी ठेवा. आमच्याकडे शिवाय तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ठेचा होता.

मी एक्सेल शीट केलं होतं. सात थांबे, प्रत्येकाला वीस मिनिटं. चंद्रपूरची पोरगी नेवाडात फोर व्हील ड्राइव्ह हाकतेय, या तोऱ्यात मी पौर्णिमेच्या सकाळी निघाले. दोन तास खडीवरून हाडं खिळखिळी झाली आणि दिसलं काय, तर एक ससा आणि दोन डोमकावळे. मागून मैत्रेयी म्हणाली, "आजोबा, देअर्स नथिंग हिअर." मी आणखी वेग वाढवला.

बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "गाडी कायले पळवतं, करुणा बेटा? पाणी कुठं आहे ते सांग. जनावर पाण्यावर येते."

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. उतरून कडेला उकिडवे बसले, लेंड्या पाहिल्या आणि ताज्या असल्याचं सांगितलं. मग आभाळाकडे बघत राहिले. होले सगळे एकाच दिशेला उडत होते, आम्ही आलो त्या दिशेला. नकाशात तिकडे एक झरा होता. माझ्या शीटमध्ये त्याच्यापुढे मीच 'जमल्यास' असं लिहून तो सोडून दिला होता.

मुकाट्यानं गाडी वळवली. पाण्याला खेटून गाडी लावायची नाही, हा इथला नियम मी सांगण्याआधीच बाबांनी तो पाळायला लावला. गाडी लांब, एसी बंद, काचा खाली. मैत्रेयीची कुरकुर सुरू होताच त्यांनी तिला वही दिली आणि रकाने आखून दिले: वेळ, नर, मादी, पिल्लू. सव्वा तास आम्ही घाम पुसत बसलो. मला तर डुलकीच लागली होती.

मग कड्यावरून एक मादी उतरली. तिच्यामागे आणखी, मग दोन नर, शिंगं गोल वळलेली. मैत्रेयीनं हळूच आठ मोजले.

"नऊ," बाबा पुटपुटले. "ती मादी दगडामागं पाहून राहिली ना? पिल्लू आहे तिचं तिथं."

आम्ही थांबलो आणि दगडामागून पिल्लू आलं. मैत्रेयीनं आजोबांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी कधीच विसरणार नाही. बत्तीस वर्षं बाबा मचाणावर काय करत होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहिती केंद्रात गेलो. तिथल्या स्वयंसेवक आजींनी नोंदीचा फॉर्म पुढे केला. बाबांनी वहीत बघून सगळं भरलं आणि 'निरीक्षक' हा रकाना कोरा ठेवून पेन माझ्या हातात दिलं.

"तिथं पाहुण्याचं नाव असते," ते सहज म्हणाले. "आपलं खाली राहते, 'सोबत' म्हणून."

मी विचारलं, "बाबा, मोजलं कोणी?"

मी पेन परत त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी सावकाश, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: सुखदेव रामटेके. मग फॉर्मवर नसलेला एक रकाना पट्टीनं आखावा तसा नीट आखला आणि त्यात मराठीत काहीतरी लिहिलं. आजींनी ते काय आहे विचारलं नाही, फोटोकॉपी मात्र आनंदानं काढून दिली.

तिकीट अलीकडे आणायचं बाबांनी पुन्हा काढलं नाही. ठरल्या तारखेला ते गेले. खारी आता मैत्रेयी मोजते.

ती फोटोकॉपी आमच्या फ्रिजवर आहे. कितीतरी पौर्णिमा बाबा कुणाकुणाच्या सोबत बसले, आणि मी घरी रुसून राहिले. या एका पौर्णिमेची मात्र त्यांच्या हातची लेखी नोंद आहे: निरीक्षक, सुखदेव रामटेके. सोबत, करुणा आणि मैत्रेयी.